टीबी बरा झाला, फुप्फुसाचे काय?

टीबीच्या रुग्णाने सहा महिन्यांच्या गोळ्या संपवल्या आणि शेवटची थुंकी निगेटिव्ह आली की सरकारी नोंदीत त्याच्या नावापुढे ‘बरा झाला’ असा शेरा पडतो. शेरा खोटा नसतो. जंतू गेलेले असतात. पण जंतूंनी जाताजाता जे कुरतडून ठेवले, ते फुप्फुस कुठल्याच रकान्यात बसत नाही. आठ-दहा वर्षांनी तोच माणूस पुन्हा ओपीडीच्या रांगेत दिसतो. सकाळी उठल्याउठल्या वाटीभर बेडका पडतो, अधूनमधून त्यात रक्ताची रेघ असते, वजन उतरलेले असते, जिना चढताना धाप लागते. एक्स-रेवर जुने डाग असतातच. त्यात थुंकीचा रिपोर्ट ‘एएफबी पॉझिटिव्ह’ (टीबीच्या कुळातले जंतू दिसले) आला, की सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट येते. टीबी उलटला. पुन्हा गोळ्या सुरू.

पुष्कळदा ते बरोबरही असते. जगातल्या टीबी रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, त्यामुळे इथल्या डॉक्टरने आधी टीबीचा विचार करणे यात गैर काही नाही. मात्र ज्याचे फुप्फुस एकदा टीबीने खाल्ले आहे, त्याच्या थुंकीत दिसणारा जंतू टीबीचाच असेल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. टीबीच्या जंतूचे सुमारे दोनशे भाऊबंद आहेत. ‘नॉनट्युबरक्युलस मायकोबॅक्टेरिया’ या लांबलचक नावाऐवजी डॉक्टर त्यांना एनटीएम म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते आणि टीबीचा जंतू वेगळे ओळखू येत नाहीत. त्यांच्यावर टीबीच्या नेहमीच्या गोळ्यांनी भागत नाही, आणि त्यांना सर्वांत आवडणारी जागा म्हणजे आधीच बिघडलेल्या श्वासनलिका.

या बिघाडाला ब्राँकिएक्टेसिस म्हणतात. फ्रेंच वैद्य लेनेक यांनी १८१९ मध्ये, म्हणजे स्टेथोस्कोपची ओळख जगाला करून देणाऱ्या ग्रंथातच, त्याचे वर्णन केले. निरोगी श्वासनलिका आत जाईल तशी निमुळती होत जाते आणि तिच्या आतल्या बाजूची सूक्ष्म लव कफाला सतत घशाकडे ढकलत असते. वारंवार जंतुसंसर्ग झाला की नलिकेची भिंत कमजोर होते, नलिका कायमची रुंदावते, लव झडते. मग बांध फुटलेल्या पाटात पाणी तुंबावे तसा कफ तिथेच साचतो. साचलेल्या कफात जंतू वाढतात, जंतूंमुळे सूज येते, सूज भिंत आणखी पोखरते. ब्रिटिश छातीरोगतज्ज्ञ पीटर कोल यांनी १९८० च्या दशकात या दुष्टचक्राची मांडणी केली आणि ती आजही थोड्याफार फरकाने शिकवली जाते.

एनटीएम मुळात माणसाचे जंतू नाहीत. ते मातीत असतात, ओढ्या-तळ्यांत असतात, नळाच्या पाण्यात असतात. त्यांच्या अंगावर मेणचट चरबीचे जाड कवच असते, त्यामुळे पाणी शुद्ध करताना घातलेले क्लोरिन त्यांना सहज मारत नाही. उलट क्लोरिनने बाकीचे जंतू मेले की यांना जागा मोकळी मिळते. आपण सगळेच रोज त्यांचे काही कण श्वासावाटे आत घेतो आणि लव ते बाहेर टाकते. प्रश्न असा, की कुणाच्या फुप्फुसात ते मुक्काम ठोकतात?

या प्रश्नाचे पाठ्यपुस्तकी उत्तर बहुतांशी पाश्चिमात्य देशांत तयार झाले आहे, आणि त्याची गोष्ट मोठी मजेशीर आहे. १९९२ मध्ये जेरोम राइख आणि रिचर्ड जॉन्सन या दोन अमेरिकी डॉक्टरांनी सहा वयस्कर स्त्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला. कुणी सिगारेट ओढलेली नव्हती, कुणाला फुप्फुसाचा जुना आजार नव्हता, तरी फुप्फुसाच्या मधल्या भागात ‘मायकोबॅक्टेरियम एव्हियम’ हा एनटीएम घर करून होता. लेखकांनी तर्क केला की चारचौघांत खोकणे असभ्य मानून या स्त्रिया खोकला दाबत असाव्यात, त्यामुळे कफ साचत असावा. आजाराला त्यांनी ऑस्कर वाइल्डच्या नाटकातल्या लेडी विंडरमियरचे नाव दिले. नाटकातली ही बाई जेमतेम एकवीस वर्षांची आहे आणि खोकत नाही, याकडे नंतर अनेकांनी बोट दाखवले. खोकला दाबण्याचा सिद्धान्तही टिकला नाही. बायकांच्या आजाराचा दोष त्यांच्या चालीरीतींवर टाकण्याची वैद्यकातली जुनी खोड यात डोकावते, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

निरीक्षण मात्र खरे निघाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी २००८ मध्ये अशा ६३ रुग्णांचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ९५ टक्के स्त्रिया होत्या. त्या त्यांच्या वयाच्या इतर स्त्रियांपेक्षा उंच आणि सडपातळ होत्या, निम्म्या जणींचा कणा बाजूला वाकलेला होता, काहींच्या छातीचे हाड आत गेलेले होते. एक तृतीयांशाहून अधिक जणांत सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराशी निगडित सीएफटीआर या जनुकात बदल आढळले. म्हणजे दोष सभ्यतेत नव्हता, शरीराच्या घडणीत आणि जनुकांत होता. तेव्हापासून जोखमीची यादी जवळपास ठरून गेली: उतारवय, स्त्रीदेह, कमी वजन, छातीच्या सांगाड्यातले दोष, अन्ननलिकेतून आम्ल वर येणे, दीर्घकाळ स्टिरॉइड.

आता भारताकडे पाहू. ब्राँकिएक्टेसिसच्या भारतीय रुग्णांची पहिली मोठी नोंदवही २०१९ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाली. देशभरातल्या ३१ केंद्रांतले २१९५ रुग्ण. मध्यक वय ५६, आणि त्यांत पुरुष ५६.९ टक्के. आजाराचे सर्वांत मोठे कारण होते जुना टीबी: ३५.५ टक्के. दोन वर्षे आधी प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी नोंदवहीत १८२६ रुग्ण होते, सरासरी वय ६४, स्त्रिया ७९ टक्के, आणि तब्बल ६३ टक्के जणांच्या इतिहासात एनटीएमची नोंद. हा शेवटचा आकडा फुगलेला आहे, कारण त्या नोंदवहीतली बरीच केंद्रे एनटीएमच्या उपचारांसाठीच नावाजलेली होती आणि तसेच रुग्ण तिथे जात होते. तरीही दोन याद्या शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लख्ख दिसते. अमेरिकेत जी ‘जोखमीची बाई’ आहे, ती आपल्याकडच्या ओपीडीतली बहुसंख्य नाही. आपल्याकडचा प्रातिनिधिक रुग्ण पन्नाशी उलटलेला पुरुष आहे आणि त्याच्या जोखमीचे नाव ‘जुना टीबी’ असे आहे.

म्हणून पाश्चात्त्य यादी जशीच्या तशी उचलून चालत नाही. उंच, सडपातळ, गोरी, सत्तरीची स्त्री डोळ्यांसमोर ठेवून एनटीएम शोधायला निघालेला डॉक्टर सोलापूरच्या यंत्रमाग कामगाराकडे बघणारच नाही. तो आला की टीबीच आठवणार.

यादीतल्या काही बाबी मात्र आपल्याकडेही तंतोतंत लागू होतात, फक्त त्यांचा अर्थ बदलतो. वजन घ्या. अंगावर चरबी कमी असलेल्या माणसाला एनटीएमचा धोका जास्त, हे जपान-कोरियापासून अमेरिकेपर्यंत दिसले आहे. तिथे चर्चा चरबीतून स्रवणाऱ्या लेप्टिनसारख्या संप्रेरकांची आणि शरीराच्या ठेवणीची होते. आपल्याकडे टीबीतून उठलेल्या माणसाचा हडकुळेपणा हा ठेवणीचा भाग कमी आणि ताटाचा जास्त असतो. टीबीच्या रुग्णांसाठी २०१८ मध्ये सुरू झालेल्या निक्षय पोषण योजनेत महिन्याला ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. योजना चांगली आहे, पण ती टीबीची नोंद असलेल्या रुग्णाला उपचार चालू असेपर्यंतच. गोळ्या संपल्या की पैसेही थांबतात, आणि फुप्फुसाला डागडुजीसाठी अन्नाची गरज असते ती नेमकी त्यानंतरची वर्षे.

स्टिरॉइडचे तसेच. डेन्मार्कमधील २०१३ च्या एका अभ्यासात धूम्रपानाने होणाऱ्या सीओपीडीच्या ज्या रुग्णांनी स्टिरॉइडचा पंप कधीच घेतला नव्हता, त्यांना एनटीएमचा धोका इतरांच्या साडेसात पट दिसला. जे पंप घेत होते त्यांच्यात तो २९ पटींवर गेला. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात २०१७ मध्ये पाहिले तेव्हा पंपामुळे वाढणारा धोका दुपटीच्या आतच निघाला. आकड्यांत एवढी तफावत असली तरी दिशा एकच आहे. दम्याच्या रुग्णाने हे वाचून पंप फेकून देऊ नये. दम्यात तो पंप जीव वाचवतो. पण ज्याला दमा नाही, फक्त ब्राँकिएक्टेसिसचा कफ आहे, अशा रुग्णाच्या हातातही ‘धाप लागते ना, मग घ्या’ म्हणून स्टिरॉइडचा पंप सर्रास दिला जातो. तिथे दोनदा विचार व्हायला हवा. भारतीय नोंदवहीतल्या ८.९ टक्के रुग्णांत आजाराचे कारण अ‍ॅस्परजिलस या बुरशीची अ‍ॅलर्जी हे होते. त्यांना तर महिनोन्‌महिने स्टिरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागतात. संधिवातावरची नवी, प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शने हाही याच वाटेवरचा धोका आहे.

छातीत जळजळ आणि आंबट ढेकर यांचा उल्लेख अनेकांना अस्थानी वाटेल. पण जठरातले पाणी रात्री झोपेत वर येऊन थोडे थोडे श्वासनलिकेत उतरत असेल, तर त्याबरोबर गिळलेले जंतूही उतरतात. रात्रीचे जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवणे, उशाकडची बाजू उंच करणे, हे फुकटचे उपाय आहेत. वर्षानुवर्षे रोज उपाशीपोटी पित्ताची गोळी घेणे हा त्याला पर्याय नव्हे.

पाण्याच्या बाबतीत भीती आणि तथ्य वेगळे काढणे अवघड आहे, म्हणून इथे थोडे थांबायला हवे. कोलोराडो विद्यापीठातील नॉर्मन पेस यांच्या चमूने २००९ मध्ये अमेरिकेतल्या नऊ शहरांमधले शॉवर उघडून आतला बुळबुळीत थर तपासला. पाण्यात जेवढे मायकोबॅक्टेरिया होते त्याच्या शंभर पटींहून अधिक काही शॉवरच्या त्या थरात सापडले. २०१८ मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या ६५६ घरांची पाहणी झाली, तेव्हा विहिरीच्या पाण्यापेक्षा पालिकेच्या क्लोरिनयुक्त पाण्यावर चालणाऱ्या शॉवरमध्ये हे जंतू अधिक दिसले. व्हर्जिनिया टेकचे जोसेफ फॉकिनहॅम यांनी आयुष्यच या विषयाला वाहिले आहे. २०११ मध्ये त्यांनी एनटीएमच्या रुग्णांच्या ३७ घरांतले नळ तपासले. १७ घरांत रुग्णाच्या फुप्फुसातली प्रजाती सापडली, आणि त्यांतल्या सात घरांत तर दोन्हींचा डीएनए ठसा जुळला. त्यांचेच आणखी एक निरीक्षण उपयोगाचे आहे: बॉयलरचे तापमान ५५ अंश सेल्सियसच्या आसपास किंवा वर ठेवलेल्या घरांत एनटीएम कमी असतात. कोमट पाण्यात त्यांचे फावते.

आपल्या बहुतेक घरांत अजून बादली आणि तांब्या आहे. शॉवरसारखा बारीक तुषार त्यातून उडत नाही, हा आपला एक फायदाच. पण दिवसाआड येणारे पाणी, गच्चीवरच्या टाकीत उन्हाने तापलेले, वर्षातून एकदा धुतलेल्या पिंपातले आणि मग गिझरमध्ये ४०-४५ अंशांवर कोमट करून वापरलेले, हे सगळे या जंतूंच्या सोयीचेच आहे. त्यात नव्या फ्लॅटमध्ये आता शॉवर आलेच आहेत. म्हणून ब्राँकिएक्टेसिसच्या रुग्णाने आंघोळ सोडायची नाही. बादली वापरावी, गिझर जास्त तापवून नंतर गार पाणी मिसळावे, न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवावी. नेब्युलायझरची वाटी नळाखाली धुऊन तशीच ओली ठेवण्याची सवय मात्र कटाक्षाने मोडावी. ती उकळून, कोरडी करून ठेवावी आणि औषधात मिसळायला निर्जंतुक सलाइनच वापरावे, कारण तिथून निघालेला प्रत्येक थेंब थेट फुप्फुसात जातो.

मातीबद्दलचा सर्वांत नेमका पुरावा जपानचा आहे. क्योटो विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०११ मध्ये ब्राँकिएक्टेसिसच्याच दोन गटांची तुलना केली: १०६ जणांना एव्हियम गटातल्या एनटीएमचा संसर्ग होता, ५३ जणांना नव्हता. आठवड्याला दोन तास किंवा जास्त मातीत काम करणारे पहिल्या गटात २३.६ टक्के होते, दुसऱ्यात ९.४ टक्के. म्हणजे बिघडलेली फुप्फुसे दोघांचीही होती, फरक मातीचा होता. जपानमध्ये दोन तासांची ही मर्यादा बागकामाची आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला दोन तास म्हणजे सकाळची न्याहारी होईपर्यंतचे काम. त्याला शेत सोडायला सांगणारा डॉक्टर परत कधी तोंड दाखवू शकणार नाही. पण कोरडी माती उकरण्याआधी ओलसर करणे, धूळ उडण्याच्या कामात उपरणे नाकावर घेण्याऐवजी बरा मास्क लावणे, एवढे सांगता येते. टीबी होऊन गेलेल्या शेतकऱ्याला हे कुणी सांगितले आहे का, हे त्यालाच विचारावे.

हे जंतू भारतात नवे नाहीत. १९६८ मध्ये तमिळनाडूतल्या चिंगलपट जिल्ह्यात बीसीजी लशीची जगातली सर्वांत मोठी चाचणी सुरू झाली. सुमारे दोन लाख साठ हजार लोकांना त्यात टोचले गेले. पंधरा वर्षे पाठपुरावा झाला आणि प्रौढांच्या फुप्फुसाच्या टीबीपासून लशीने संरक्षण दिले नाही असा निष्कर्ष निघाला. असे का झाले, याच्या स्पष्टीकरणांपैकी सर्वांत जास्त उद्धृत होणारे हे, की तिथल्या लोकांचा माती-पाण्यातल्या मायकोबॅक्टेरियाशी लहानपणापासूनच इतका संपर्क होता की लशीला आणखी काही करायला वाव उरला नाही. एवढ्या मोठ्या प्रयोगाचे गणित बिघडवू शकणारा हा जंतू रोजच्या निदानात मात्र कुणाच्या लक्षात येत नाही.

तो कसा सापडतो, हे प्रयोगशाळेत उभे राहून पाहण्यासारखे आहे. थुंकीचा पातळ थर काचपट्टीवर पसरून झील-नील्सन पद्धतीने रंगवला, की निळ्या पार्श्वभूमीवर लालसर बारीक काड्या दिसतात. टीबी असो वा एनटीएम, काड्या त्याच. म्हणून उरलेली थुंकी सोडा आणि एका विरघळवणाऱ्या द्रव्यात घुसळून इतर जंतू मारले जातात आणि गाळ एमजीआयटी नावाच्या छोट्या नळीत घातला जातो. नळीत पिवळसर द्रव आणि तळाशी चकाकीची गोळी. जंतू वाढले की द्रवातला ऑक्सिजन संपतो आणि अतिनील प्रकाशात तळ नारिंगी चमकतो. यंत्र ४२ दिवस वाट पाहते. जंतू असे वाढवून पाहण्याला कल्चर म्हणतात. टीबीचा जंतू असेल तर तळाशी भाकरीच्या चुऱ्यासारखे कण बसतात; एनटीएम असतील तर बहुधा सगळा द्रवच गढूळ होतो. मग त्यातले काही थेंब एका पट्टीवर टाकायचे. ही पट्टी गर्भधारणेच्या चाचणीच्याच तत्त्वावर चालते. पंधरा मिनिटांत दोन रेघा आल्या तर टीबी. एकच रेघ आली तर जंतू बहुधा दुसराच आहे, आणि तो कोणता हे पुढच्या जनुकीय चाचणीने ठरवायचे. पंधरा मिनिटांची ही पट्टी एखाद्या माणसाच्या पुढच्या दोन वर्षांचा मार्ग बदलू शकते.

‘आता सीबीनॅट आहे, ट्रूनॅट आहे, मग कल्चरची भानगड कशाला?’ असे विचारले जाते. ट्रूनॅट तर गोव्यात जन्माला आले आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. पण ही यंत्रे फक्त टीबीच्या जंतूची जनुके शोधतात. ती एनटीएमचे नाव सांगत नाहीत. थुंकीत एएफबी दिसतात आणि सीबीनॅट निगेटिव्ह, असे जुळून आले की एनटीएमचा संशय घ्यायचा, एवढाच संकेत त्यातून मिळतो. दुसरी अडचण अशी की जुन्या टीबीच्या रुग्णात मेलेल्या जंतूंचा उरलेला डीएनए पकडूनही ही यंत्रे पॉझिटिव्ह येऊ शकतात. जिवंत काय आहे हे फक्त कल्चर सांगते.

एकदा एनटीएम सापडला म्हणजे लगेच उपचार, असेही नाही. तो पाण्यात सगळीकडे असतो, तेव्हा एका नमुन्यात दिसणे म्हणजे नुसता भोज्जाही असू शकतो. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे लक्षणे, स्कॅनवरच्या खुणा आणि निदान दोन वेगवेगळ्या थुंकींतून आलेले पॉझिटिव्ह कल्चर, हे तिन्ही जुळायला सांगतात. जुळले तर एव्हियम गटासाठी अझिथ्रोमायसिन, इथॅम्ब्युटॉल आणि रिफॅम्पिसिन अशी तीन औषधे, थुंकी स्वच्छ झाल्यानंतरही वर्षभर. शेवटची दोन औषधे टीबीच्या गोळ्यांतही असतात. म्हणून चुकीच्या निदानावर टीबीच्या गोळ्या खाणाऱ्या रुग्णाला सुरुवातीला जरा बरे वाटू शकते, आणि चूक महिनोन्‌महिने लपून राहते. अ‍ॅबसेसस नावाची प्रजाती असेल तर गोष्ट आणखी कठीण. तिच्यावर बहुतेक गोळ्या चालत नाहीत, इंजेक्शने आठवडे-महिने द्यावी लागतात आणि तरीही यशाची खात्री नाही.

इथेच सगळ्यांत मोठी आणि टाळता येण्याजोगी चूक घडते. एनटीएमच्या उपचाराचा कणा अझिथ्रोमायसिन आहे. तेच औषध तीन गोळ्यांच्या पट्टीत कुठल्याही मेडिकलवर सर्दी-खोकल्याला मिळते. शिवाय २०१२-१३ मध्ये न्यूझीलंड, नेदरलँड्स आणि ऑस्ट्रेलियातल्या चाचण्यांनी दाखवले की या गटाचे औषध कमी मात्रेत दीर्घकाळ दिले तर ब्राँकिएक्टेसिसचे वारंवार उसळणे कमी होते. ते खरे आहे आणि त्यामुळे ते आता दिलेही जाते. पण आत एनटीएम दबा धरून असताना एकटेच अझिथ्रोमायसिन दिले, तर जंतू त्याला सरावतो आणि उपचाराचा कणाच मोडतो. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटी म्हणूनच सांगते की हे औषध दीर्घकाळ सुरू करण्याआधी एनटीएमचे किमान एक कल्चर निगेटिव्ह आलेले असावे. भारतात तर दोन अटी हव्यात. टीबीच्या दुसऱ्या कोर्सआधी कल्चर आणि अझिथ्रोमायसिनच्या कोर्सआधीही कल्चर.

यावर आक्षेप ठरलेला आहे: टीबी कार्यक्रमावर आधीच ताण आहे, आणखी तपासण्या कुठून आणायच्या? पण औषध-प्रतिरोधी टीबीसाठी कल्चरच्या प्रयोगशाळांचे जाळे देशात आधीच उभे आहे, नमुने तिथे रोज जातात, एमजीआयटीची यंत्रे चालू आहेत आणि ती पट्टीही तिथेच असते. टीबी होऊन गेलेल्या प्रत्येक खोकणाऱ्याचा नमुना पाठवा असे कुणी म्हणत नाही. ज्याच्या स्कॅनमध्ये ब्राँकिएक्टेसिस आहे, ज्याला दुसऱ्यांदा टीबीचे औषध द्यायचे ठरते आहे, ज्याची थुंकी पॉझिटिव्ह आणि सीबीनॅट निगेटिव्ह आहे, त्यांचे पाठवा. आणि कल्चरमधून एनटीएम आला तर तो टीबीच्या कागदपत्रांतून फक्त ‘टीबी नाही’ म्हणून बाहेर पडू नये. टीबी २०१२ पासून कळवणे बंधनकारक असलेला आजार आहे, एनटीएम नाही. त्यामुळे त्याची मोजदादच होत नाही. जपानमध्ये २०१४ च्या देशव्यापी पाहणीत दरवर्षी लाखामागे १४.७ नवे एनटीएम रुग्ण आढळले, जवळजवळ टीबीइतकेच, तेव्हा तिथे या आजाराला गांभीर्याने घेतले गेले. महाराष्ट्राने आपल्या कल्चर प्रयोगशाळांतले एनटीएमचे आकडे जिल्हावार दर वर्षी जाहीर करायला सुरुवात केली, तर त्याला फारसा खर्च येणार नाही.

दुसरी मागणी याहून सोपी आहे. टीबीचे शेवटचे पाकीट देताना रुग्णाची फुंकून घ्यायची श्वसनचाचणी करावी, गरज असेल तिथे स्कॅन करावा, आणि कफ काढण्याचे तंत्र शिकवावे. दीर्घ श्वास, थोडा रोखून धरणे, मग काच पुसण्यासाठी फुंकर घालतो तसे जोरात ‘हफ्’ करणे, दिवसातून दोनदा. हे शिकवायला फिजिओथेरपिस्टला वीस मिनिटे लागतात. साचलेला कफ रोज निघाला तर एनटीएमलाच काय, कुठल्याच जंतूला मुक्काम करता येत नाही. जिल्हा रुग्णालयांत फिजिओथेरपिस्ट आहेत, पण त्यांच्याकडे गुडघे आणि पक्षाघात जातात, फुप्फुसे जात नाहीत.

आणि घरच्यांना एक गोष्ट निदान ठरताच स्पष्ट सांगायला हवी. सिस्टिक फायब्रोसिसच्या काही केंद्रांतला अपवाद सोडला, तर एनटीएम एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही. टीबीच्या भीतीने ज्याची ताट-वाटी एकदा वेगळी काढली गेली, त्याला दहा वर्षांनी पुन्हा त्याच कोपऱ्यात बसवायचे कारण नाही. त्याच्या फुप्फुसाला मात्र पुन्हा लागण होऊ शकते. टेक्ससच्या टायलर शहरातल्या एका केंद्राने २०१४ मध्ये एव्हियमवर पूर्ण उपचार झालेल्या रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. जवळजवळ निम्म्यांच्या थुंकीत जंतू परत आला, आणि परत आलेल्यांत चारपैकी तीन वेळा तो जुना नव्हता, वातावरणातून नव्याने आलेला होता. त्यामुळे गोळ्या संपल्यावरही अशा रुग्णाची थुंकी दर काही महिन्यांनी कल्चरला जात राहिली पाहिजे, आणि ती पाठवण्याची जबाबदारी कुणाच्या तरी नावावर लिहिलेली पाहिजे.